कुणाचं नाही ते माझं

सुई बघून दचकू नका. गाडी हलते आहे आणि माझा चष्मा बॅगेच्या पार तळाशी गेलाय, म्हणून दोरा ओवायला मला इतका वेळ लागतोय. तुम्ही ओवता? बरं झालं बाई. हो, निळाच. दुसरा कुठलाही चालणार नाही. का चालणार नाही ते सांगते, नाहीतरी खिडकीबाहेर बघण्यासारखं काही उरलेलंच नाही. काय हे धुकं! दुपारच्या जेवणाची वेळ आहे की झोपायची, तेही कळत नाही. मला दिवे लागायच्या आत मुलीकडे पोचायचं आहे. गाडी वेळेवर आहे म्हणतात, तेव्हा काळजीचं कारण नाही. आणि मी तशी घाबरट नाही. परवापर्यंत तर मुळीच नव्हते.

परवा आम्ही भावंडं आईचं घर आवरायला जमलो होतो. आई जाऊन बरेच महिने झाले. आता ते घर नव्या मालकाच्या ताब्यात द्यायचं होतं. खाली आईची लाँड्री, वर दोन खोल्या, मध्ये लाकडी जिना. वीज तोडलेली, पाणी बंद. आम्ही तिघं: सगळ्यात मोठा दादा, मग मी, आणि शेवटचा बारक्या, जो आता चांगला सहा फुटी आहे आणि तरीही बारक्याच आहे. शिवाय दादाची बायको, म्हणजे वहिनी. येताना तिने मोजायची टेप आणली होती. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी तिने दाराची रुंदी मोजली, म्हणजे मोठं कपाट निघेल की नाही ते आधीच कळावं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

आता आईच्या दोऱ्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही.

लाँड्रीत ढीगभर कपडे येतात आणि पांढरा शर्ट तर सगळ्यांचाच असतो. म्हणून आई प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला कॉलरच्या आतून त्याच्या रंगाच्या दोऱ्याची बारीकशी फुली घालायची. कुणाची जांभळी, कुणाची तपकिरी. आम्हा मुलांच्या कपड्यांनाही. दादाची लाल, माझी निळी, बारक्याची पिवळी. आम्ही मोठे झालो, आपापल्या घरी गेलो, तरी भेटायला गेलं की ती "काढ तो कोट" म्हणायची आणि फुली घालून परत द्यायची. वहिनीच्या कोटाला लाल, माझ्या मुलीच्या फ्रॉकला निळी. "हरवलात तर परत कुणाकडे पाठवायचं ते कळायला नको?" असं म्हणायची.

दुकानात तिचा एक कडक नियम होता. गिऱ्हाइकाच्या फुलीला कात्री लावायची नाही. चुकून दोरा तुटला तर तो कपडा कुणाचाच राहिला नाही. मग त्याला हिरवी फुली पडायची आणि तो जिन्याखालच्या फळीवर जायचा. कुणी नेलाच नाही, असा कपडाही तिथेच. हिरव्या फळीवरचे कपडे चिंधीकाका न्यायचा.

चिंधीकाका म्हणजे जुन्या कपड्यांचा हातगाडा ओढणारा एक उंच, वाकलेला माणूस. दिवे लागायच्या वेळेला यायचा. गाड्याला पितळी घंटा होती. ती टणाटण वाजायची नाही, एकदा वाजायची आणि मग बराच वेळ थांबून पुन्हा एकदा. दारात आला की एवढंच म्हणायचा, "कुणाचं नाही ते माझं." आम्ही तिघं जिन्यात एकमेकांना घट्ट धरून बसायचो. आई मात्र बिनधास्त. कधीकधी गाडा दारात उभा असताना कुणी गिऱ्हाईक धापा टाकत यायचं, "तो कोट माझा आहे हो!" की आई फळीवरून कोट ओढायची, हिरवा दोरा उसवून तिथल्या तिथे त्याच्या रंगाची फुली घालायची आणि काकाला म्हणायची, "हा कुणाचा तरी आहे. तुम्ही निघा." काका मुकाट्याने निघायचा. त्याला जाऊनही आता खूप वर्षं झाली. आई त्याच्या अंत्ययात्रेला गेली होती, हे मला चांगलं आठवतं, कारण आम्हा पोरांना त्या दिवशी मनातून फार हायसं वाटलं होतं.

तर परवा. वाटणी भांडणाशिवाय व्हावी म्हणून शक्कल मीच काढली. टेबलाच्या खणात आमच्या तिघांची रिळं तशीच होती. म्हटलं, ज्याला जे हवं त्याने त्याला आपल्या रंगाचा दोरा बांधावा. सगळ्यांना कल्पना आवडली. दादा तर म्हणाला, "मधले, तुझं डोकं चालतं कधीकधी." एवढं कौतुक त्याच्याकडून दर काही वर्षांनी एकदा मिळतं.

पहिला तासभर नुसती मजा. वहिनी टेपने मोजायची आणि दादा बांधायचा. आमच्या दादाला वस्तूंचं भारी वेड. त्याच्या घरात माणसं तीन आणि फ्रिज दोन, त्यात एक फक्त थंड पेयांसाठी. बारक्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढून कुठल्याशा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पाठवायचा आणि उत्तर येईल तसा पिवळा दोरा बांधायचा. मी साधी राहणारी. मला काही नको होतं. फक्त भिंतीवरचं घड्याळ, आरशाचं कपाट, गोल टेबल, वेताच्या खुर्च्या आणि बरण्या. हसताय काय? बरण्या खरंच सुरेख होत्या.

मधेच मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला असते, एकटीच. "आई, बोलायचंय जरा," म्हणाली. मी विचारलं, "हीटर पोचला का?" पोचला म्हणाली. "मग नंतर बोलू, मी कामात आहे." थोड्या वेळाने पुन्हा आला. मी म्हटलं, "स्वेटर बसला ना नीट?" बसला म्हणाली. मी ठेवून दिला.

आणि मग आलं शिलाई मशीन.

आईचं पायाने चालवायचं काळं मशीन, खाली दुकानात, खिडकीपाशी. शिवायला आमच्यातल्या एकालाही येत नाही. दादाला ते दिवाणखान्यात ठेवून वर दिवा ठेवायचा होता. बारक्याला विकायचं होतं. मला का हवं होतं? खरं सांगू, दादाला हवं होतं म्हणून. त्यावर लाल दोरा होता, मी शेजारी निळा बांधला, बारक्याने पिवळा.

दादा म्हणाला, "मी मोठा आहे."

मी म्हटलं, "म्हणून तर तू आधी दमतोस. मशीन उचलायचा नाहीस."

बारक्या म्हणाला, "आईजवळ शेवटी मी राहत होतो."

"राहत होतास, की ती तुला पोसत होती?" दादाने विचारलं. तिथून घसरलं सगळं. कुणी कुणाच्या लग्नात काय दिलं, आईच्या आजारपणात कोण किती वेळा आलं, कुणाची गाडी केवढी. वहिनी म्हणाली, "तुमच्या घरात मला कधी कुणी आपलं म्हटलंच नाही." मी म्हटलं, "तू टेप घेऊन येतेस, कसं म्हणणार?" दादाने टेबलावरची आईची कात्री उचलली आणि माझा निळा दोरा कापला. "आजपासून तू माझी कुणी नाहीस." मी त्याच्या हातातून कात्री हिसकावली आणि लाल कापला. "तूही माझा कुणी नाहीस. तुझी बायकोही." तेवढ्यात माझा फोन वाजला, मुलीचाच. मी ओरडले, "अगं, काय हवं ते मागव, पण आता मागे लागू नकोस माझ्या!" फोन बंद केला आणि त्याच तिरीमिरीत बारक्याचा पिवळाही कापून टाकला. बारक्या आमच्याकडे बघत म्हणाला, "छान. म्हणजे आता कुणीच कुणाचं नाही. सोपं झालं."

आईच्या दुकानात, आईच्या कात्रीने, आमच्याच फुल्यांचे दोरे आम्ही कापले. लहानपणी हात लावला असता तर रट्टा बसला असता. त्या वेळी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वर जाऊन बसलो. वहिनीने थर्मासमधला चहा आणला होता, तो चौघांनी चार दिशांना तोंडं करून प्यायला. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. समोरची बेकरी दिसेनाशी झाली, मग रस्ता, मग आमचीच खिडकी पांढरी झाली. अशा वेळी घर फार मोठं वाटतं.

आणि खालून आवाज आला. खट्‌खट्‌खट्‌खट्‌... थांबला. पुन्हा खट्‌खट्‌खट्‌.

त्या आवाजावर आम्ही तिघं झोपलोय, उठलोय, अभ्यास केलाय. मशीन चालत होतं.

"उंदीर असेल," दादा म्हणाला.

"शिवणारा?" बारक्या म्हणाला.

मग वास आला. गरम इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा आणि खळीचा. पाठोपाठ वाफेच्या इस्त्रीचा तो लांबलचक श्वास... स्स्स्स. आणि वीज तर आठवड्यापूर्वीच तोडलेली. वहिनीने माझा हात धरला. आमचं बोलणं बंद होतं, पण हात काढून घ्यायचं मला काही सुचलं नाही.

आम्ही फोनचे दिवे लावून जिना उतरलो. सगळ्यात पुढे बारक्या, कारण दादाला एकाएकी गुडघेदुखी आठवली होती. दुकानात कुणी नव्हतं. मशीनचं चाक हळूहळू थांबत होतं. पायाखालची पट्टी शेवटचं एकदा वर झाली, खाली झाली, आणि थांबली. सुईत दोरा ओवलेला होता. हिरवा. सकाळपासून आम्ही सगळे खण पालथे घातले होते, हिरवं रीळ आम्हाला कुठेही मिळालं नव्हतं.

"अहो..." वहिनी दादाच्या मागे उभी होती. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाटलं लांबून येतोय. "अहो, तुमच्या कॉलरला काय आहे?"

कॉलरच्या आत हिरवी फुली होती. बारीक, नेटकी. आईच्या हाताची.

मग आम्ही एकमेकांच्या माना तपासायला लागलो. आता आठवलं की हसू येतं. माकडांचं कुटुंब उवा बघतं ना, अगदी तसे दिसत असू. बारक्याच्या जाकिटाला हिरवी. वहिनीच्या कोटाला हिरवी. माझ्या स्वेटरला हिरवी. दादाने कोट काढून फेकला, तर खाली शर्टाला होती. शर्ट काढला तर बनियनला. त्यापुढे वहिनीने त्याला थांबवलं. बारक्याने आपला दोरा कात्रीने कापला, बोटांनी उपटून टाकला, आणि आम्ही बघत असताना तिथे हळूच पुन्हा फुली उमटली. आधी एक रेघ, मग दुसरी.

वहिनीने घाबरून घरी मुलाला फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "कोण बोलतंय?" तो म्हणाला. "अरे, मी. आई." "राँग नंबर लागलाय तुम्हाला," असं अगदी सभ्यपणे म्हणाला आणि ठेवून दिला. तो चेष्टा करणारा मुलगा नाही हो. वहिनी हातातल्या फोनकडे बघतच राहिली.

तेव्हा गल्लीच्या टोकाला घंटा वाजली. एकदाच.

आम्ही तिघंही एकाच क्षणी लहान झालो. दादा, ज्याची ढेरी दारातून आत आधी येते, तो जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. बराच वेळ गेला. घंटा पुन्हा वाजली, जरा जवळून. मधल्या वेळात गाड्याच्या चाकाची कुरकुर ऐकू येत होती.

"तो मेलाय ना?" बारक्याने विचारलं.

"आई गेली होती ना त्याला पोचवायला," मी म्हटलं.

"मग आता... कोण येतंय?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. ज्याच्यावर हिरवी फुली, ते त्याच्या गाड्यावर जाणार. मी दाराची कडी लावली. वहिनीने तरीही दार मोजल्यासारखं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. गाडा आत येईल एवढं ते रुंद होतंच.

दादा धडपडत उठला, शर्ट परत अंगात घातला आणि त्याने लाल रीळ घेतलं. स्वतःच्याच कॉलरमध्ये, आरशात बघत, जिभेचं टोक बाहेर काढून त्याने कशीबशी लाल फुली घातली. लाल दोरा कडेने काळपट झाला आणि मग हिरवा. घंटा वाजली.

तेव्हा मला आई आठवली, दारात गाडा उभा असताना कोट ओढून काढणारी. मी म्हटलं, "असं नाही रे. कोट स्वतःला सोडवतो का कधी? कुणीतरी येऊन सांगावं लागतं, हा माझा आहे म्हणून."

सुई मी त्याच्या हातातून काढून घेतली. मी दादाची मान वाकवली, हिरवा दोरा उसवला आणि निळा घालत दातओठ खात म्हटलं, "हा माझा आहे." दोरा सुळकन निसटून बाहेर आला. गाठ मारलेली असून.

"नीट म्हण," दादा म्हणाला.

"तू आधी नीट वाग."

"मधले, तो बेकरीपर्यंत आलाय गं..."

मी परत टाका घातला, आणि का कोण जाणे, मला ती इस्त्री आठवली. आम्ही लहान असताना हिवाळ्यात शाळेला जायच्या आधी दादा माझा गणवेश इस्त्रीखाली धरायचा आणि गरम गरम असतानाच माझ्या अंगावर टाकायचा. स्वतःचा तसाच गार घालायचा, कारण तोवर उशीर झालेला असायचा. रोज. कुणी न सांगता. मला भरून आलं आणि रागही आला, की हे मी इतकी वर्षं विसरले कशी. "हा माझा आहे," मी म्हटलं. "माझा दादा आहे." दोरा बसला. निळाच राहिला. मी ओढून पाहिला, हलेना.

दादा रडत होता. सुई टोचली म्हणून रडलो, असं तो अजूनही सांगतो.

त्याने बारक्याला ओढलं आणि लाल फुली घातली. "हा आमचा आहे. आईने याला पोसलं असेल, पण आईचे पाय यानेच चेपले." पहिल्या झटक्यात बसली. बारक्याने माझी मान धरली. "ताई माझी आहे. कटकट आहे, पण माझी आहे." पिवळी फुलीही बसली. टाके असे घातले होते की आईने बघितलं असतं तर उसवून परत घालायला लावले असते.

आणि घंटा अगदी दारात वाजली. दाराच्या फटीतून धुकं आत येत होतं, त्याला जुन्या कपड्यांचा कुबट वास होता. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, एकटी. हातातली टेप कधी सुटून पडली होती कुणास ठाऊक. दादा तिच्याकडे धावला, पण लाल रीळ संपलं होतं. त्याच्या हातात दोऱ्याचं नुसतं टोक राहिलं होतं.

दारावर थाप पडली नाही. नुसता आवाज आला. घोगरा, सावकाश. "कुणाचं नाही... ते माझं."

मी वहिनीची मान वाकवली. "तुमचा नि माझा रंग वेगळा," ती पुटपुटली. मी म्हटलं, "गप उभी राहा गं. आईला शेवटी आंघोळ कोण घालत होतं, मला माहीत नाही का? मी तोंडाने कधी म्हटलं नाही, एवढंच. ही माझी आहे. माझी वहिनी आहे." निळी फुली घातली. घाईत ती फुलीऐवजी कोळ्यासारखी दिसत होती. पण बसली.

बाहेर तो वाट बघत होता. मग आमचा दादा, गुडघेदुखी विसरून, छातीवरचा उघडा शर्ट दोन्ही हातांनी घट्ट धरून दारापाशी गेला आणि मोठ्याने म्हणाला, "इथे सगळं कुणाचं ना कुणाचं आहे. तुम्ही निघा." शब्द आईचे, ठसकाही आईचाच.

बराच वेळ काही नाही. मग चाकाची कुरकुर. घंटा, जरा लांब. पुन्हा घंटा, अजून लांब. आणि वहिनीचा फोन वाजला. "आई, मघाशी फोन केला होतास का? जेवायला काय आहे?" एवढा सुंदर प्रश्न मी आयुष्यात ऐकला नव्हता. आम्ही हसत सुटलो. पोट दुखेपर्यंत हसलो, एकमेकांच्या गळ्यात पडून. मग मशीनवरून पुन्हा भांडण सुरू झालं, फक्त उलटं. तू ने. छे, तू ने. शेवटी ते वहिनीकडे गेलं. ती शिवायला शिकणार आहे म्हणे. आधी मोजमाप घेईल, हे नक्की.

निघताना धुकं जरा विरळ झालं होतं. आमच्या दारासमोरच्या ओल्या रस्त्यावर गाड्याच्या चाकांच्या दोन रेघा होत्या. मी एकटीनेच नीट बघितल्या. बाकीचे सामान चढवत होते. चिंधीकाका आमच्या दारातून नेहमी मागे वळायचा, पुढे त्याला काही काम नसायचं. या रेघा मागे वळल्या नव्हत्या. पुढे गेल्या होत्या, स्टेशनच्या रस्त्याने.

मी कुणाला बोलले नाही. इतके हसलो होतो, कशाला विरजण घाला?

काल संध्याकाळी मुलीने फोटो पाठवला. मी पार्सलने पाठवलेला राखाडी स्वेटर. खाली लिहिलं होतं, "आई, नवीन स्वेटरच्या कॉलरला हा हिरवा दोरा कसला गं? काढला तरी परत येतोय, मज्जाच आहे. आणि आमच्या रस्त्यावर आज कुणीतरी घंटा वाजवत हिंडतंय. तू सांगायचीस ना, आजीकडे यायचा तो कोण होता?"

गेल्या तीन वर्षांत मी तिला हीटर पाठवला, बूट पाठवले, ओव्हन पाठवला. आईने तिच्या फ्रॉकला घातली होती तशी फुली मी एकाही कपड्याला घातली नव्हती. आणि परवा कात्री हातात घेऊन तिला काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलंतच. मी लगेच फोन लावला. तिने उचलला. मी तिला लहानपणीच्या नावाने हाक मारली.

"कोण बोलतंय?" ती म्हणाली. अगदी सभ्यपणे.

पुन्हा लावला तर लागला नाही. दादाला सांगितलं, तो म्हणाला, पहिली गाडी पकड, मी मागच्या गाडीने निघतो. म्हणून ही सुई. बघा, तुम्ही किती छान ओवून दिलीत. उतरले की धावत जायचं, मान वाकवायची, एक फुली घालायची, बास. काय म्हणायचं ते मी सकाळपासून मनात घोकते आहे. या वेळी पहिल्याच टाक्याला बसेल. तो दिवे लागले की येतो आणि दिवे लागायला अजून पुष्कळ अवकाश आहे. तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही.

गाडी का थांबली? सिग्नल असेल. धुक्यात थांबवतात.

तुमच्या डोक्यावरचा दिवा आत्ता लागला का हो? धुकं आहे म्हणून लवकर लावले असतील सगळीकडे. हो ना? मुलीच्या शहरातही असंच धुकं असेल, नाही?